बाबांनी बटाटा सोडला

मंगळवार, २ जुलै

चूक. आधीच सांगते, चूक. बटाटा मूळ नाही. मुळा मूळ आहे, गाजर मूळ आहे, रताळंसुद्धा मूळच. बटाटा खोड आहे. जमिनीखाली जाऊन फुगलेलं खोड. त्याला डोळे असतात, त्या डोळ्यांतून फांद्या फुटतात. मुळाला कधी डोळे बघितलेत? तुम्हाला शाळेत काय शिकवलं त्याच्याशी मला घेणं नाही. आणि ही माझी वही आहे, त्यामुळे इथे तुमचं ऐकून घेतलं जाणार नाही. मिटलं? नसेल मिटलं तरी मी पुढे जाते.

मी पुस्तक लिहितेय. कादंबरी नाही, कथा नाही. नुसता बटाटा. शब्द, झाड, खाणं. त्यात माणसं नाहीत. माणसं घेतली की ती दहाव्या पानावर रडायला लागतात. बटाटा रडत नाही, रडवतही नाही.

आज आई-बाबा काशी-गया करून आले. यात्रा कंपनीच्या पिशव्या, गंगेचे गडू आणि आईचा चेहरा. चपला काढायच्या आधीच म्हणाली,

"विचार तुझ्या बाबांना, गयेला काय सोडून आलेत."

"छत्री?"

"बटाटा!"

गयेला श्राद्ध झालं की वडाखाली बसवतात आणि एक फळ, एक भाजी जन्मभरासाठी सोडायला लावतात. नियम असा की आवडती सोडायची. पद्धत अशी की नावडती सोडायची. सगळे तेच करतात. आईने रामफळ आणि घोसाळं सोडलं. दोन्ही आमच्या घरात कधी आलेलंच नाही. समोरच्या क्षमाकाकूंनी मागे ड्रॅगन फ्रूट सोडलं. बाबांसाठी आईने ठरवून दिलं होतं, फणस आणि पडवळ. गाडीत दोनदा म्हणूनही घेतलं होतं.

"फणस नीट म्हणाले," आई म्हणाली. "आणि मग एकदम बटाटा. चांगलं मोठ्याने. गुरुजीसुद्धा म्हणाले, यजमान, विचार करा हवं तर. पण नाही!"

"तोंडातून निघून गेलं," बाबा म्हणाले.

"मग पडवळ का नाही निघालं तोंडातून?"

बाबा पाय धुवायला गेले.

नोंद: मार्तंड नावाचा एक निवृत्त ड्राफ्ट्समन, आयुष्यभर बटाट्यावर जगलेला, कुणी मागितला नसताना बटाटा देऊन आला. पुस्तकात घ्यायला हरकत नाही. माणूस म्हणून नाही, घटना म्हणून.

शुक्रवार, ५ जुलै

हे नुसतं भाजी सोडणं नाही, म्हणून नीट लिहून ठेवते.

आई उपासाच्या ऑर्डरी घेते. बटाट्याची भाजी, कीस, कचोरी, साबुदाणा वडा. मुलुंड पूर्वेला कुंदाताईंची कचोरी म्हटलं की लोक आमच्या बिल्डिंगकडे बोट दाखवतात. पण आई स्वतः चव बघत नाही. आजीने लावलेली शिस्त: पहिला घास देवाचा आणि रांधणारीने सगळ्यांच्या शेवटी. आई त्या सगळ्यांत गिऱ्हाईकही धरते.

"लोकांच्या पोटात जायच्या आधी माझ्या तोंडात? उष्टं नाही का होत?"

"हॉटेलातले आचारी बघतात ना."

"म्हणून तर आपण हॉटेलात जात नाही."

मग मीठ कोण बघतं? बाबा. लग्न झाल्यापासून. पातेल्यातला पहिला चमचा देवापुढे, दुसरा बाबांच्या तळहातावर. स्वयंपाकघरात फ्रिज आणि दाराची चौकट यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा आहे, तिथे ते उभे राहतात, तीर्थ घेतात तसा हात पुढे करून. चाटतात. "कमी," म्हणतात, नाहीतर "हं." हं म्हणजे गॅस बंद. उपासाचं सैंधव मीठ एका पाकिटाचं खारट, दुसऱ्याचं मवाळ. अंदाज फसतो, जीभ लागतेच.

आणि उपासाच्या पदार्थांत बटाटा कशात नाही? कचोरीचं आवरण बटाटा, कीस बटाटा, वडा बांधायला बटाटा. म्हणजे बाबांनी भाजी सोडलेली नाही, नोकरी सोडलेली आहे.

ते पण आत्ता. अंधेरीला मी ज्या स्टुडिओत मालिकांच्या डबिंगचे संवाद लिहिते, तिथे शूटिंगही होतं आणि त्याचं प्रॉडक्शन प्रीतम बघतो. श्रावण सुरू झाला की अर्धं युनिट सोमवार धरतं आणि कँटीनवाला त्यांना तेलात पोहणारा साबुदाणा देतो. प्रीतम मला म्हणाला, तुझ्या आईला विचार ना. श्रावणातल्या सोमवारांचं बघू. जमलं तर वर्षभराचे सगळे उपास, एकादशी, संकष्टी, सगळं काकूंकडे.

आईने हे ऐकून गॅस बारीक केला. मग म्हणाली, "आजवर माझी भाजी मुलुंडच्या बाहेर गेलेली नाही." आधी बाबांची नोकरी, मग आजीचं आजारपण, मग माझी दहावी, बारावी, आणि माझं जे काय चाललंय ते. आईला हे किती हवंय ते ती बोलली नाही, पण कपाटावरून लग्नात मिळालेले मोठे डबे काढून घासायला बसली.

बुधवार, १० जुलै

दूध करपलं. मी आंघोळीत होते, तिथपर्यंत वास आला. बाहेर येऊन बघते तर पातेलं काळं, धूर, आणि बाबा टेबलापाशी, हातभर अंतरावर, शांतपणे पेपर वाचताहेत.

"बाबा! दूध!"

"अरे," म्हणाले. "विचारात होतो."

आई जिन्यातून धावत आली. मला वाटलं, आता फुटणार बॉम्ब. तिने गॅस बंद केला, पातेलं पाण्यात ठेवलं, आणि बाबांकडे बघत उभी राहिली. ओरडली नाही. कालपर्यंत बटाट्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं आणि लिटरभर दुधाला एक शब्द नाही.

पुस्तकासाठी: वस्तू सोडली की माणसाचं चित्त हळूहळू इतर वस्तूंवरूनही उडतं. वैराग्य एका भाजीपासून सुरू होत असावं. यावर एक प्रकरण होईल.

बुधवार, १७ जुलै

आषाढी एकादशी. आज घरच्या घरी तालीम, मीठ बघायला माझी नेमणूक. आईने चमचा माझ्या तळहातावर टेकवला.

"सांग."

मी डोळे मिटले. नीट विचार केला. "मीठ आहे. पण पुढे यायला लाजतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मिरची बोलतेय, दाण्याचं कूट मागे गुणगुणतंय, आणि मीठ दारात उभं आहे."

"कुणाच्या दारात? स्वरदा, कमी आहे का?"

"कमी असं नाही म्हणता येणार."

आईने बाहेरच्या खोलीकडे बघितलं. सवय. बाबा तिथे काडेचिराइताचा कडूजहर काढा पीत होते. क्षमाकाकूंनी दिलाय, पित्तावर. मी एकदा जीभ लावली होती तर दिवसभर थुंकत होते. बाबा सरबतासारखा पितात, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. व्रताची ताकद.

ताटात बघता बघता मला एक सुचलं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा, राजगिरा. सगळे समुद्रापलीकडचे. आपल्या देवाला चालणारं ताट म्हणजे अख्खी दक्षिण अमेरिका. हे पुस्तकात पहिल्या पानावर. आईला सांगितलं तर म्हणाली, "असू दे. लांबून आलेत तर नीट जेवू घाल."

यात्रेला जायच्या आधीच्या एकादशीचा विषय निघाला. मंडळाला दिलेला कीस इतका खारट झाला होता की लोकांनी फराळाला पाणी पिऊन उपास केला. आईच्या ऑर्डरीतली ती पहिली तक्रार. आज आईने परत पाकिटाला दोष दिला. "ते सैंधवच फसवं होतं." पण तेव्हा बाबा हं म्हणाले होते, हे मला आठवतंय. मी म्हटलंही. बाबा काढ्याची वाटी घेऊन उठले आणि स्वतः विसळून आले.

शनिवार, २० जुलै

क्षमाकाकू तोडगा घेऊन आल्या. त्यांच्या ओळखीचे गुरुजी आहेत भांडुपला, ते म्हणतात अनवधानाने सुटलेल्या वस्तूला प्रायश्चित्त असतं. एक छोटा होम, थोडं दान, की भाऊजी परत बटाटा खायला मोकळे.

मला वाटलं आई त्यांच्या गळ्यात पडेल. वीस दिवस हीच बाई जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी सांगत फिरतेय की यांनी माझी वाट लावली.

"नको," आई म्हणाली.

"अगं, भाऊजींना विचार तरी. ते हो म्हणतील."

"क्षमा, देवाला शब्द दिलाय त्यांनी. आता त्यात कुणी हात घालायचा नाही. तू पण नाही, तुझे गुरुजी पण नाहीत. चहा घेणार?"

आतल्या खोलीत बाबांच्या पेपरचा आवाज थांबला होता. काकू चहा न घेताच गेल्या. गेल्यावर आई परत सुरू, दार उघडं ठेवून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं: "फणस, पडवळ! दोन शब्द! ते लक्षात राहिले नाहीत यांच्या!"

मी विचारलं, "मग तोडगा का नको?"

"तुला नाही कळायचं."

मला कळायचं काय त्यात? रागवायला कारण हवंय तिला, ते कुणी काढून घेतलेलं चालत नाही. माणसं अशीच असतात. म्हणून मी बटाट्यावर लिहितेय.

रविवार, २८ जुलै

बाबांनी गॅलरीत फुटक्या बादलीत बटाटा लावलाय. टोपलीतला कोंब आलेला, दोन तुकडे, प्रत्येकाला डोळा ठेवून. मी म्हटलं, पावसाळ्यात मुंबईत बटाटा धरत नाही. पानं येतील नुसती. कुजला नाही तर.

"पानं तर पानं," म्हणाले. "खायचा कुठे आहे मला."

सकाळी उठले तर बाबा स्वयंपाकघरात, पाठमोरे. हातात हिंगाची डबी, उघडी, नाकाला लावलेली. मला बघून झाकण लावलं. डबी जागेवर ठेवली, मग काही सुचेना म्हणून परत काढून ओटा पुसला.

बिचारे. बटाटावड्याच्या आठवणीत हिंग हुंगतात. एखादा दारू सोडलेला माणूस रिकाम्या बाटलीपाशी जातो तसं. हे वाक्य चांगलं झालंय, राहू दे.

सोमवार, ५ ऑगस्ट

पहिला सोमवार. भाजी, वरीचे तांदूळ, कचोरी. डबे रिक्षात मांडीवर धरून अंधेरी. साकीनाक्याला रिक्षा अशी अडकली की मला वाटलं भाजी तिथल्याच वर्कशॉपवाल्यांना वाटून परत जावं. पण पोचले.

मी आज "ठीक आहे" म्हटलं होतं आणि खरंच ठीक होतं. प्रीतमने दोन कचोऱ्या उभ्याने खाल्ल्या. "झकास! काकूंना सांग, झकास."

आईला सांगितलं. "आणि भाजी?" भाजीचं तो काही बोलला नव्हता. "भाजीपण," मी म्हटलं.

सोमवार, १२ ऑगस्ट

वाट लागली.

सकाळी मला कलाटणी सुचत होती एका प्रकरणाची, त्या तंद्रीत मी भाजी चाखली. आईने विचारलं, मीठ? मी म्हटलं, "समंजस आहे." उशीर होत होता म्हणून आईने समंजस म्हणजे बरोबर असं धरलं.

दुपारी स्टुडिओत प्रीतमने माझ्यासमोरच आईला व्हॉइस मेसेज पाठवला: "काकू, नमस्कार. बटाटा एकदम मऊ, तूप छान, सगळं छान. पण आज मिठाचा पण उपास होता का?" मागे कुणीतरी फिदीफिदी हसत होतं.

मला वेगळं बाजूला घेऊन म्हणाला, "यार स्वरदा, मेकअपदादा दिवसभर माझं डोकं खातोय. अळणी भाजी, अळणी भाजी. पुढच्या सोमवारी असंच झालं ना, तर मला जुन्या माणसाकडे जावं लागेल. तो तेलकट देतो, पण मीठ घालतो."

घरी आले. आईने तो निरोप परत परत ऐकला होता. बाबांनीपण ऐकला असणार, घर केवढंसं. ते गॅलरीत बादलीपाशी बसले होते. कोंब वर आलाय.

मंगळवार, १३ ऑगस्ट

खटला चालला, ओट्यापाशी.

"काल मी काय विचारलं होतं?"

"मीठ."

"आणि तू काय म्हणालीस?"

"समंजस."

"मीठ समंजस असतं? माझी मुलगी नाही झाली समंजस, आणि मीठ होतंय!"

"आई, चवीला एवढेच शब्द असतात का? मी अचूक सांगायचा प्रयत्न..."

"दोन शब्द. कमी, नाहीतर बरोबर. तिसरा आणलास तर बाहेर हो माझ्या स्वयंपाकघरातून."

"आणि जास्त झालं तर?"

"जास्त मी होऊ देत नाही."

बाहेर बाबांनी पेपरचं पान उलटलं. मग परत तेच पान उलटून आधीच्या पानावर आले. आई एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "झालं होतं एकदा. पाकिटामुळे."

मी भांडले. म्हटलं, एवढं आहे तर बाबांनीच चाखू दे. एक कण. बटाटा न गिळता नुसती जीभ लावायची. देव काय मोजायला बसलाय?

आईने हातातला झारा खाली ठेवला. "हे परत बोलायचं नाही."

"मी त्यांनाच विचारते. बाबा..."

"स्वरदा! बोलायचं नाही म्हटलं ना."

एवढी धार तिच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती. बाबा तोवर चपला घालून खाली गेले होते.

गुरुवार, २२ ऑगस्ट

सोमवार पार पडला. मी म्हटलं "कमी", आईने घातलं, मी म्हटलं "बरोबर". प्रीतमची तक्रार नाही, कौतुकही नाही. पुढचा सोमवार गोकुळाष्टमीचा. न धरणारेपण धरतील. प्रीतम म्हणाला, त्या दिवशी काय होतं बघू आणि फायनल करू. आईची झोप उडालीय. बटाटे स्वतः एकेक दाबून निवडून आणते, भाजीवाला म्हणाला ताई, जावई शोधताय काय.

आजची किरकोळ गोष्ट. बाबांनी चहा केला, सगळ्यांना दिला. मी घोट घेतला आणि बेसिनमध्ये धावले. दूध नासलेलं. आंबट, फाटलेला चहा. बाबांचा कप रिकामा होता.

"तुम्ही प्यायलात हे?"

"ठीकच होता की."

आईने तिचा कप उचलला. वास घेतला असणार, नाक तिचं तिखट आहे. आणि ती तो चहा प्यायली. सगळा. माझ्याकडे बघत, म्हणजे मी गप्प बसावं असं बघत.

"दुधाचं यापुढे मी बघत जाईन," कप ठेवत म्हणाली. "मला सकाळी हाताला काम लागतं."

या दोघांचं भांडण बहुतेक संपतंय. कसं आणि कधी ते माझ्या नजरेतून सुटलं. पुस्तकाला त्याची गरजही नाही.

सोमवार, २६ ऑगस्ट

झालं. झालं, झालं.

पहाटेपासून आई ओट्यापाशी होती. "कमी." थोडं सैंधव. "कमी." अजून थोडं. "बरोबर." मला स्वतःचाच आवाज बाबांसारखा वाटला.

मेकअपदादाने तीनदा भाजी घेतली. एका नटीने कचोरी कागदात बांधून घरी नेली. प्रीतम पॅकअपच्या आधीच आला. "काकूंना सांग, सगळे उपास त्यांचे. चतुर्थ्या, एकादश्या, नवरात्र, सगळं. पुढच्या सोमवारी तर दोन युनिट आहेत, डबल आण."

मी जिना धावत चढून आईला सांगितलं. ती म्हणाली, "डबे परत आणलेस का?" मी डबे दाखवले. ते तिने मोजले नाहीत, बघितलेसुद्धा नाहीत. हात पुसले आणि गॅलरीत गेली, बाबांना सांगायला.

मी दारातून बघत होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बादलीतलं झाड बरंच उंच झालंय, लुसलुशीत, एका काठीला बांधलेलं. आईने त्याचं एक पान खुडलं, बोटांत चुरगळलं आणि बाबांच्या नाकाखाली धरलं. बाबांनी डोळे मिटून श्वास घेतला. मग मान हलवली, नाही अशी. आईने तेच पान स्वतःच्या नाकाशी नेलं, जरा वेळ धरलं, आणि खाली टाकलं. मग दोघं कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

टीप, पुस्तकासाठी: बटाटा तंबाखू-धोतऱ्याच्या घराण्यातला. पण पानाला फारसा वास नसावा. मी नंतर जाऊन एक चुरगळून बघितलं. आहे की वास. हिरवा, कच्चा, जरासा कडू. दोघांचीही नाकं वयाने गेली असतील, असं आधी लिहिलं होतं. पण आईचं तिखट आहे, म्हणून खोडलं.

सोमवार, २ सप्टेंबर

हे रिक्षात लिहितेय. अक्षर लागलं नाही तर तुमचं नशीब.

श्रावणातला शेवटचा सोमवार. दुप्पट भाजी, त्यामुळे आजीचं मोठं पातेलं निघालं. मी हात पुढे करून माझ्या जागी उभी राहिले, फ्रिज आणि चौकटीच्या मध्ये. आई म्हणाली,

"तू जरा बाहेर हो."

"मीठ?"

"मिठाला बोलावीन. अहो, इकडे या बघू."

बाबा दारात आले. "मी कशाला? मला चालत नाही."

"खायला कोण सांगतंय? उभे राहा तुमच्या जागी."

ते उभे राहिले. सवयीने हात पुढे आला, लगेच मागे घेतला. आईने तो हात धरून पुढे ओढला आणि त्याच्यावर उकडलेल्या बटाट्याची फोड ठेवली.

"दाबा."

बाबांनी अंगठ्याने दाबलं. "मध्ये गाठ आहे अजून. राहू दे थोडा वेळ."

ती थांबली. मग तूप, मग जिरं. आई कढईकडे बघतच नव्हती, बाबांकडे बघत होती. बाबांनी डोळे मिटले, मान जरा कलती केली. जिरं तडतडत होतं, तडतडत होतं, आणि मग त्याचा आवाज बारीक झाला.

"टाक," बाबा म्हणाले.

आईने मिरच्या टाकल्या. आता आईला जिरं कधी झालं ते कळत नाही असं नाही. ती झोपेतसुद्धा फोडणी करेल. पण आज सगळं विचारून चाललं होतं. "परतू?" "परत." "झाकण?" "आवाज येऊ दे, मग." मला यात नुसता वेळ जाताना दिसत होता. तिघं मावत नाहीत त्या स्वयंपाकघरात, म्हणून मी चौकटीबाहेर उभी. कामाची वाटणी म्हणून ठीक आहे, असं मी मनात लिहून ठेवलं.

पहिला चमचा देवापुढे. दुसरा माझ्या हातावर. "कमी," मी म्हटलं. मग "बरोबर." गॅस बंद.

डबे भरले. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. आई आत कचोऱ्यांच्या डब्यात कागद लावत होती. बाबा माझ्या मागोमाग बाहेरच्या खोलीत आले, भाजीची पिशवी हातात घेऊन. अगदी हळू म्हणाले,

"कसं लागतं गं?"

"बरोबर."

"ते ऐकलं मी. पण बरोबर म्हणजे कसं?"

आता, माझ्याकडे शब्द नव्हते असं नाही. या वहीच्या मागच्या पानांवर बटाट्याच्या चवीला धरून ठेवलेले किती तरी आहेत. आधी तूप लागतं, मग बटाटा काहीच न बोलता जागा करून देतो, मिरची उशिरा येते आणि कूट शेवटपर्यंत दाताखाली राहतं, हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. पण त्या घरात दोनाच्या वर शब्द वापरायचे नाहीत असा नियम झालाय, आणि खाली हॉर्न.

"बाबा, बरोबर म्हणजे बरोबर," मी म्हटलं. "मला काय विचारता? इतकी वर्षं तुम्हीच तर सांगत होता."

त्यांनी पिशवी सोडली नाही. मी त्यांच्या बोटांतून बंद काढून घेतले. आतून आईने हाक मारली, "स्वरदा." एकदाच, हळू. बहुतेक झाकणासाठी. झाकण घट्ट होतं. मी तोवर जिन्यात होते.

काय? तुम्हाला काहीतरी म्हणायचंय, दिसतंय मला. आत्ता नको. गेट आलं, डबे गरम आहेत, मी उतरतेय.